मुरण्याची मुदत

मराठीत 'मुरणे' हा एक मोठा सोयीचा धातू आहे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पावसाचे पाणी जमिनीत मुरते, माणूस आपल्या धंद्यात मुरतो; आणि एखाद्या व्यवहारात कोठे तरी पाणी मुरत असल्याचा संशय आला की पक्षकार आमच्या पायऱ्या चढतो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. जे मुरते ते नजरेआड मुरते, आणि त्याला बाहेरून घाई करता येत नाही. आमच्या गावाच्या नावात हीच अक्षरे येऊन बसली आहेत हा निव्वळ योगायोग म्हटला पाहिजे. कारण मुरगाव बंदराच्या परिसरात काही मुरत घालणे म्हणजे निसर्गाशी दावा मांडणे होय. येथील खारा वारा लोखंड खातो, पावसाळा चामडे व कागद खातो, आणि वैशाखातील दुपार उरलेसुरले खाते. वकिलाच्या कपाटातील जुन्या दस्तऐवजांची श्रावणापर्यंत काय दशा होते, हे आमच्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको.

आज आम्ही ज्या वस्तूविषयी लिहिणार आहोत ती ऑस्ट्रेलियातील तांबडी वाइन आहे. देवळाच्या महाजनमंडळींच्या हाती पडणाऱ्या पानांवर हा विषय काढावयाचा तर आधी थोडा खुलासा हवा. आम्ही या विषयाकडे चषकाच्या वाटेने गेलो नाही, फायलीच्या वाटेने गेलो. शिवाय मद्याचे नाव निघताच कानांवर हात ठेवणाऱ्यांनी चरकसंहिता एकदा चाळून पाहावी. चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्यातिरेकाने होणाऱ्या विकारांचा आहे. त्यात दोषही आहेत आणि गुणही. सूत्रस्थानात, जेथे खाण्यापिण्याच्या पदार्थांचे वर्ग पाडले आहेत तेथे, नवे मद्य बहुधा जड व दोष चाळवणारे आणि जुने मद्य हलके, रुची व अग्नी वाढवणारे, असे स्पष्ट सांगितले आहे. आसवे आणि अरिष्टे सिद्ध करताना भांड्याचे तोंड लिंपून ते धान्याच्या राशीत पुरून ठेवण्याची रीतही आपल्या वैद्यांना चांगली ठाऊक होती. धान्याची रास कशासाठी? बाहेर ऊन असो वा थंडी, आतील ऊब एकसारखी राहावी म्हणून. युरोपातील दगडी तळघरांचे रहस्य याहून निराळे नाही.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. क्रिस्टोफर रॉसन पेनफोल्ड नावाचा इंग्रज डॉक्टर १८४४ साली ॲडलेड शहराजवळ मॅगिल येथे पत्नी मेरीसह स्थायिक झाला, आणि आपल्या रोग्यांना पुष्टिकारक म्हणून देण्यासाठी द्राक्षमद्य तयार करू लागला. आमच्याकडे अशक्त माणसाला द्राक्षासव देत, तशातलाच हा प्रकार. त्या घरगुती उद्योगाची पुढे मोठी कंपनी झाली. तिच्यात १९३१ साली मॅक्स शुबर्ट नावाचा एक मुलगा निरोप्या म्हणून लागला, आणि वर चढत चढत मुख्य वाइनकार झाला. १९५० साली कंपनीने त्याला शेरी बनवण्याची विद्या पाहण्यासाठी स्पेनला पाठवले. परतताना तो फ्रान्समधील बोर्दो प्रांतात थांबला, आणि तेथे त्याला चाळीस-पन्नास वर्षे मुरलेल्या वाइन चाखावयास मिळाल्या. त्या काळी ऑस्ट्रेलियात साखरी, कडक मद्याचीच चलती होती. इतकी वर्षे टिकून सुधारत जाणारी तांबडी वाइन ही कल्पनाच तेथे नवी होती. शुबर्टने घरी येऊन १९५१ साली शिराझ जातीच्या द्राक्षांपासून पहिला प्रयोग केला, आणि डॉक्टर पेनफोल्डच्या राहत्या घराच्या नावावरून त्याला 'ग्रेंज' हे नाव मिळाले.

पुढची हकीकत आम्हाला विशेष प्रिय आहे. काही वर्षांनी या वाइनची जाणकारांकडून परीक्षा झाली, आणि ती त्यांनी अक्षरशः थुंकून टाकली. एकाला तिच्यात ठेचलेल्या मुंग्यांची चव लागली. १९५७ साली संचालकांनी लेखी हुकूम काढला की हे उत्पादन बंद करावे. शुबर्टने हुकूम वाचला आणि बाजूस ठेवला. १९५७, १९५८ आणि १९५९ या तीन सालांची ग्रेंज त्याने मॅगिलच्या तळघरात गुपचूप तयार केली. नव्या पिंपांसाठी पैसे मागता येत नव्हते, म्हणून जुन्यांवर भागवले. तोवर आधीच्या सालांच्या बाटल्या आत मुरत होत्या. त्या पुन्हा चाखल्यावर संचालकांचे मत फिरले, १९६० साली उत्पादन पुन्हा उघडपणे सुरू झाले, आणि १९६२ साली सिडनीच्या प्रदर्शनात १९५५ सालच्या ग्रेंजला सुवर्णपदक मिळाले. नोकराने मालकाच्याच आवारात, मालकाच्याच द्रव्याने, मालकाचा स्पष्ट हुकूम मोडला. त्याची बाजू न्यायालयात मांडण्याचे काम आमच्याकडे आले असते तर आम्हाला घाम फुटला असता. पण निकाल बाटलीने दिला, आणि त्यावर अपील झाले नाही.

ज्या १९६० साली ग्रेंजवरील बंदी उठली, त्याच साली शुबर्टने आणखी एक वाइन काढली : 'बिन ३८९'. बिन म्हणजे तळघरातील कप्पा. कप्प्याचा आकडा हेच नाव. ही मिश्र वाइन आहे. कॅबर्ने सोव्हिन्याँ हे द्राक्ष ताठ आणि तुरट. त्याची चव सुरुवातीस आणि शेवटी जाणवते, मधे पोकळ राहते असे जाणकार सांगतात. ती पोकळी शिराझ भरून काढतो. ज्या पिंपांतून आधीच्या वर्षीची ग्रेंज काढून घेतलेली असते त्यांतली काही पिंपे या वाइनच्या वाट्याला येतात, म्हणून तिला 'गरिबाची ग्रेंज' असेही म्हणतात. हे नाव देणाऱ्याने गरीब कोठे पाहिला होता कोण जाणे. चांगल्या सालची बिन ३८९ वीस वर्षे सहज ठेवता येते.

ठेवल्याने होते काय? द्राक्षाच्या साली-बियांतून आणि ओक लाकडाच्या पिंपातून उतरलेली तुरट द्रव्ये, ज्यांना टॅनिन म्हणतात, ती व सालीतील रंगद्रव्ये हळूहळू एकमेकांशी जखडली जातात; त्यांच्या साखळ्या लांबतात आणि काही काळाने गाळ होऊन तळाशी बसतात. जीभ ओढून धरणारा तुरटपणा निवळतो, जांभळा रंग विटकरी होतो, ताज्या फळाच्या वासाच्या जागी सुके फळ, चामडे, ओली माती असे वास येतात. यासाठी बारा ते पंधरा अंश सेल्सिअस एवढी स्थिर थंडी, काळोख आणि थोडा दमटपणा लागतो. बाटली आडवी ठेवावयाची, म्हणजे बूच ओले राहते आणि आक्रसून हवा आत सोडत नाही. उष्णता वाढली की हे सारे व्यापार वेगाने व वेडेवाकडे होतात. वाइन मुरत नाही, शिजते; बूच वर सरकते, आणि आत उकडलेल्या मनुकांचा वास भरतो. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यातील वाइनकारांनी २००० साली बुचाचा नाद सोडून पेचाची टोपणे स्वीकारली. तेव्हापासून त्या देशात टोपणांचाच प्रसार झाला. परंतु ज्या बाटल्यांची हकीकत आम्ही सांगणार आहोत त्यांना बुचे होती.

गोव्याला द्राक्षमद्य नवे नाही. पोर्तुगीज अमदानीत ते याच बंदरातून उतरत असे. पण येथे जे रुजले ते पोर्ट, म्हणजे आंबण्याची क्रिया मधेच थांबवण्यासाठी ब्रँडी घातलेले गोड व कडक मद्य. ते उष्णतेला पुष्कळ पुरून उरते. मदैरा बेटाच्या वाइनची गोष्ट तर याहून मौजेची. हिंदुस्थानच्या फेरीवर गेलेल्या गलबतांच्या तळातून काही पिंपे न विकता परत आली, आणि उष्ण कटिबंध दोनदा ओलांडून आलेली ती वाइन घरी राहिलेलीपेक्षा चांगली निघाली. तिला 'व्हिन्यो द रोदा', फेरी करून आलेली वाइन, असे नावच पडले. म्हणजे जो उन्हाळा एका वाइनचा काळ ठरतो तोच दुसरीचा वैद्य होतो. डिचोली-पेडण्याच्या डोंगरांतील काजूची फेणी, जिला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, ती ऊर्ध्वपातित असल्याने तिला तळघराची गरजच नाही. तळघर लागते ते साध्या, न घट्ट केलेल्या तांबड्या वाइनला. अशी दीर्घकाळ ठेवण्याजोगी वाइन आता महाराष्ट्रातही होते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची 'सेत्ते' ही सांजोवेसे व कॅबर्ने सोव्हिन्याँ यांची मिश्र वाइन २००९ सालच्या द्राक्षांपासून निघू लागली. परंतु अकलूजलाही यंत्राचा गारवा लागतोच. मुरगावची बातच नको.

अशा मुरगावात एका घरी बिन ३८९ च्या सहा बाटल्या दहा वर्षांवर राहिल्या, आणि घरमालकाच्या निधनानंतर त्या आमच्या टेबलावर, अर्थात कागदी स्वरूपात, येऊन पडल्या. पक्षकारांची ओळख पटेल असे येथे काही नाही. तशी शोधाशोध वाचकांनीही करू नये.

गृहस्थ एका देवस्थानचे महाजन. मुरगाव तालुक्यातील कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात नदीपार गेली, तेव्हापासून येथील कित्येक घराण्यांचा देव पलीकडे आणि बिऱ्हाड अलीकडे. त्यांतलेच हे एक. दामोदर सप्ताहाचा पहारा त्यांनी कधी चुकवला नाही, आणि दारूचा थेंब कधी घेतला नाही. पत्नी आधीच गेलेली. थोरली मुलगी येथेच दिलेली, धाकटा मुलगा ॲडलेडला नोकरीस. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य जकातीशिवाय आणता येते. पाऊण लिटरच्या बाटल्या त्यात दोनच बसतात. म्हणून मुलाने २००८ सालच्या या सहा बाटल्या तीन फेऱ्यांत आणल्या, आणि वडिलांना सांगून ठेवले की गार जागी आडव्या ठेवा, हलवू नका, "हांव सांगतां तेन्ना उगडूंया."

वडील गेल्यावर घराच्या पश्चिमेकडील दोन खोल्यांवरून बहीण-भावांत बिनसले, आणि इन्व्हेंटरी कार्यवाही दाखल झाली. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयाचे तर आमच्याकडे वारसाहक्काची वाटणी १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणाने होते; २०१२ साली संमत होऊन डिसेंबर २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने ती परंपरा नव्या शब्दांत चालू ठेवली आहे. मृताच्या मालमत्तेची संपूर्ण यादी द्यावी लागते. ती देणाऱ्याला जुन्या भाषेत 'काबेसा द काझाल' म्हणत. मग मूल्यांकन, आणि वारसांचे एकमत न झाल्यास वारसांपुरताच लिलाव, ज्याला येथील बार अजूनही 'लिसितासांव' म्हणते. आम्ही मुलीतर्फे होतो. यादीत सागवानी पलंग, तांब्याचे हंडे, समया यांच्यानंतर एक ओळ होती : 'विदेशी मद्याच्या सीलबंद बाटल्या, नग ६.'

मुलाच्या वतीने अर्ज आला की या बाटल्या यादीतून वगळाव्यात. त्या त्याच्याच मालकीच्या असून वडिलांकडे केवळ ठेव होत्या. आणि इतकी वर्षे मुरगावच्या उष्णतेत राहून त्या नासल्या असल्यास त्यांची किंमत इस्टेटीतून भरून मिळावी. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचा क्रमांक येतो, इतके हे भांडण जुने आहे. भारतीय करार कायद्याचे १५१ वे कलमही तेच विचारते : सामान्य शहाणपणाचा माणूस तशाच प्रकारच्या स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी ठेव राखणाऱ्याने घेतली काय? आम्ही म्हटले, ही ठेव नव्हे, मुलाने बापाला दिलेली भेट आहे. मग त्या एका कोकणी वाक्यावर दोन सुनावण्या गेल्या. 'हांव सांगतां तेन्ना' यात मालकाचा हुकूम दिसतो, असे त्यांचे म्हणणे. 'उगडूंया' हे अनेकवचन आहे, त्यात बापही आला, असे आमचे. एवढा बारीक व्याकरणविचार आम्ही शाळेतही केला नव्हता.

मूल्यांकनाची गंमत वेगळीच. सोन्याची किंमत सोनार सांगेल, पलंगाची सुतार. वाइनची कोण सांगणार? ॲडलेडच्या दुकानातील भाव धरावा की जकात भरून भारतात पडेल तो? २९ डिसेंबर २०२२ पर्यंत आयात वाइनवर दीडशे टक्के जकात होती. त्या दिवशी भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार अमलात आला, आणि पंधरा डॉलरहून अधिक आयात किमतीच्या बाटलीवरची जकात एकदम पंचाहत्तर टक्क्यांवर उतरली. दहा वर्षांत ती पंचवीसपर्यंत यावयाची आहे. मृत्यू त्या तारखेच्या आधीचा, यादी नंतरची. आणि हे सारे बाटल्यांतील वाइन जिवंत आहे असे गृहीत धरून. ती जिवंत आहे की नाही हे कळण्यास बूच काढावे लागते, आणि बूच काढले की तपासावयाची वस्तूच संपते. तपासताच नाहीसा होणारा पुरावा आमच्या वकिलीत आम्हाला हा एकच भेटला. बाहेरून जेवढे दिसते तेवढे पंचनाम्यात उतरले : चार बाटल्यांत वाइनची पातळी मानेपर्यंत, दोहोंत किंचित खाली, बूच कोणतेही वर सरकलेले नाही.

मग मुलीची साक्ष झाली. बाटल्या कोठे होत्या, या प्रश्नाला तिने उत्तर दिले की विहिरीच्या बाजूच्या काळोख्या कोठीच्या खोलीत, जेथे पूर्वी भात साठवत तेथे, लाकडी पेटीत भाताच्या तुसात आडव्या पुरून. वर गोणपाट. फाल्गुन संपला की रोज संध्याकाळी देवाकडे दिवा लावून झाल्यावर वडील विहिरीची एक कळशी काढून ते गोणपाट भिजवीत. पेटीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. घरातील लोणच्याच्या बरण्यांनाही त्यांनी एवढे जपले नव्हते. समोरच्या वकिलांनी विचारले, जे गृहस्थ मद्याला स्पर्श करीत नसत त्यांनी हे केले याला पुरावा काय? ती कोकणीतच म्हणाली, "बाबा पोतें भिजयताले, तें हांवें पळयलां." न्यायालयाने ते मराठीत वा इंग्रजीत सांगण्यास सुचवले नाही.

वस्तुस्थिती सांगावयाची तर ओल्या गोणपाटाचा गारवा कोरड्या हवेत खरा. घाटावर, माणदेशात तो चांगला जाणवेल. येथील दमट हवेत पाणी सावकाश उडते आणि गारवा बेताचाच पडतो. त्या वाइनला मानवेल तेवढा तर नाहीच. भाताच्या तुसाने दिवसाचा चढ-उतार थोपवला असेल. हा सगळा युक्तिवाद समोरच्या बाजूस उपलब्ध होता, आणि तो आम्हाला सहजासहजी खोडता आला नसता. पण तो झाला नाही. मुलगा ॲडलेडहून दूरदृश्य प्रणालीवर उपस्थित होता. पुढच्या तारखेस त्याच्या वकिलांनी ठेवीचा अर्ज मागे घेतला. कारण दिले नाही, आम्ही विचारले नाही.

बाटल्या यादीत राहिल्या, ॲडलेडचा दुकानभाव हा आधार धरला गेला, आणि त्या लिसितासांवात आल्या. आमच्या पक्षकार बाईंनी त्यावर शंभर रुपये चढवले. त्याही घरी कोणी पिणारे नाही. पलीकडून बोली आली नाही, आणि सहाही नग त्यांच्या वाट्यास गेले. पश्चिमेकडील दोन खोल्यांचा वाद त्यानंतरही चालूच राहिला. बाटल्यांनी तो मिटवला असे लिहावयास आम्हाला आवडले असते, परंतु तसे घडले नाही.

लिलावानंतर आठवड्याने बाई आमच्या कार्यालयात आल्या. भावाशी अद्याप बोलणे नव्हते. त्यांनी एक प्रश्न विचारून घेण्यास सांगितले : या कधी उघडावयाच्या? आम्ही तो समोरच्या वकिलांना रीतसर लिहून पाठवला. आमच्या पत्रव्यवहारात असा जावक क्रमांक दुसरा नसेल. उत्तर दोन ओळींत आले. २०३० च्या आधी उघडू नयेत. आणि पावसाळ्यात गोणपाट काढून ठेवावे, नाहीतर लेबलांना बुरशी येते.

पत्र वाचून दाखवल्यावर बाई म्हणाल्या की गोणपाट मृगाला निघते. बाबाही मृगालाच काढीत.